सेटिंग कमी केल्यावर संगणकच बंद पडू लागला: ग्राफिक्स कार्ड खराब समजावे का?

कुळागर, फोंडा

सर्व जाणकारांना नमस्कार.

गेले तीन आठवडे मी एका अडचणीशी झगडतो आहे आणि माझ्याकडचे उपाय आता संपले आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो. माझा संगणक सुटे भाग घेऊन जोडलेला आहे. त्यात ६ कोअरचा प्रोसेसर, १६ जीबी रॅम आणि ४ जीबी मेमरीचे ग्राफिक्स कार्ड आहे. कार्डाला एसएमपीएसमधून (संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्यातून) ८ पिनांची वेगळी केबल द्यावी लागते. एसएमपीएस ४५० वॅटचा असून तो आधीच्या संगणकातून काढून यात बसवला होता आणि त्याला सहा वर्षे होऊन गेली आहेत. मॉनिटर १९२० बाय १०८० रिझोल्यूशनचा आणि १४४ हर्ट्झचा आहे.

मोकळ्या जगात हिंडण्याचा एक मोठा गेम मी अलीकडे घेतला. सुरुवातीला टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागावरची चित्रे) सर्वांत वरच्या पातळीवर आणि बाकीचे सर्व पर्याय ‘हाय’वर ठेवून खेळत होतो. वीस-पंचवीस मिनिटे सुरळीत जात, पण गेममधल्या मोठ्या शहरात शिरले की चित्र अडखळू लागे, पडदा क्षणभर काळा होई आणि गेम बंद होऊन मी डेस्कटॉपवर येई. संगणक मात्र चालूच राही. विचारावे तिथे एकच सल्ला मिळाला, की सेटिंग कमी करा. म्हणून मी सगळे पर्याय एकदम ‘लो’वर नेले आणि व्ही-सिंकही (चित्रांचा वेग मॉनिटरच्या वेगाशी जुळवून ठेवणारा पर्याय) बंद केले, कारण त्याने वेगाला मर्यादा पडते असे वाचले होते. त्यानंतर चित्र झरझर चालू लागले खरे, परंतु आता दहा मिनिटांच्या आत आख्खा संगणकच बंद होऊन आपोआप पुन्हा सुरू होतो. कोणताही संदेश येत नाही, निळा पडदाही दिसत नाही. एकदा तर खेळ सुरू करण्याआधीच, पहिल्या मेन्यूत असतानाच असे झाले. मेन्यू उघडला की कार्डातून बारीक शिटीसारखा आवाजही येतो.

दुरुस्तीच्या दुकानात नेला तेव्हा ‘कार्ड गेले आहे, नवीन घ्या’ असे पाच मिनिटांत सांगण्यात आले. नवीन कार्डाची किंमत ऐकून वडील काही बोलले नाहीत, पण चतुर्थीच्या तोंडावर हा खर्च त्यांच्यावर टाकणे मला बरे वाटत नाही. माझी खोली माडीवर, कौलांच्या खाली आहे. पाऊस सुरू झाल्यापासून आमच्या वाड्यावर संध्याकाळी वीज ये-जा करते आणि संगणक घरातल्या इन्व्हर्टरच्या लाइनवर आहे, हेही सांगून ठेवतो.

कार्ड खरोखर खराब झाले असावे का? आणि सेटिंग कमी केल्यावर त्रास वाढावा, हे कसे घडते?

म्हादईकाठ, वाळपई

नमस्कार. कार्ड लगेच बदलू नका. तुम्ही दोन वेगळे बिघाड सांगितले आहेत आणि त्यांची कारणेही बहुधा वेगळी आहेत. गेम बंद होऊन डेस्कटॉपवर येणे आणि संगणकाचीच वीज गेल्यासारखे होऊन तो पुन्हा सुरू होणे, या दोन्हींना आपण सरसकट ‘क्रॅश’ म्हणतो आणि तिथूनच गोंधळ सुरू होतो.

पहिला प्रकार आधी घेऊ. टेक्स्चर म्हणजे भिंती, रस्ते, कपडे, झाडांची साल यांवर चढवलेली चित्रे. ४०९६ बाय ४०९६ ठिपक्यांचे एक चित्र, प्रत्येक ठिपक्याला ४ बाइट या हिशेबाने, ६४ एमबी जागा घेते. गेममध्ये ते आकुंचित स्वरूपात ठेवतात, तेव्हा ठिपक्यामागे साधारण १ बाइट लागतो आणि ते १६ एमबीवर येते. दूरवरून दिसण्यासाठी त्याच्याच लहान लहान आवृत्त्या सोबत ठेवाव्या लागतात, त्यामुळे सुमारे २१ एमबी धरा. शहराच्या एका चौकात अशी शेकडो चित्रे लागतात. टेक्स्चरची पातळी एक पायरी खाली आणली की चित्राच्या दोन्ही बाजू निम्म्या होतात आणि जागा एक चतुर्थांश होते. याउलट, १९२० बाय १०८० चा पडद्यावर दिसणारा एक पूर्ण फ्रेम अवघ्या ८ एमबीचा असतो. म्हणून ४ जीबीच्या कार्डावर मेमरी कमी पडत असेल तर पहिला हात टेक्स्चरला लावावा. रिझोल्यूशन कमी करून चित्र धूसर करण्याची घाई करू नये.

मेमरी भरली की उरलेला माल संगणकाच्या मुख्य रॅममध्ये ठेवला जातो आणि लागेल तसा ओढून आणला जातो. अशा कार्डाची स्वतःची मेमरी सेकंदाला दोनशे जीबीच्या आसपास माहिती पुरवते, तर मदरबोर्डावरील तिसऱ्या पिढीच्या १६ लेनच्या पीसीआय एक्स्प्रेस स्लॉटमधून (कार्ड बसवण्याच्या खाचेतून) सेकंदाला जेमतेम १६ जीबी येऊ शकते. शहरात शिरल्यावर चित्र अडखळत होते ते यामुळेच. कार्डाकडून २ सेकंदांत प्रतिसाद आला नाही तर ते अडकले आहे असे विंडोज मानते आणि ड्रायव्हर (कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) पुन्हा सुरू करते. ही व्यवस्था व्हिस्टापासून आहे. तेव्हा पडदा क्षणभर काळा होतो, गेमच्या हातातले ‘डिव्हाइस’ नाहीसे होते आणि बहुतेक गेम तिथेच मान टाकतात. तुमच्या पहिल्या आठवड्यातील वर्णन याच्याशी तंतोतंत जुळते.

आता दुसरा प्रकार. सगळे ‘लो’ केल्यावर प्रत्येक फ्रेम हलका झाला आणि व्ही-सिंक बंद असल्याने कार्डाला थांबायला कोणी सांगेना. मॉनिटर सेकंदाला १४४ फ्रेमच दाखवू शकतो, तरी कार्ड झेपतील तितके फ्रेम काढत राहते. मेन्यूत तर ही संख्या कित्येक शेकड्यांत जाते, आणि ती शिटी म्हणजे कार्डावरील कॉइलचा थरथराट असण्याची शक्यता मोठी आहे, कारण तो अशाच वेळी ऐकू येतो. शिवाय प्रत्येक फ्रेमची तयारी प्रोसेसरला करावी लागते, त्यामुळे कार्ड आणि प्रोसेसर दोघेही एकाच वेळी पूर्ण ताकदीने वीज ओढतात. सेटिंग कमी केल्याने भार कमी होईल ही तुमची अपेक्षा रास्त होती, पण फ्रेमला मर्यादा घातली नाही तर भार उलट वाढतो.

हा माझा अंदाज आहे आणि तो तपासून घ्यायला हवा. इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजमधील घडामोडींच्या नोंदी दाखवणारे साधन) उघडून ‘सिस्टिम’ या विभागात पाहा. पहिल्या आठवड्याच्या तारखांना ‘डिस्प्ले’ या स्रोताची ४१०१ क्रमांकाची, म्हणजे ड्रायव्हर पुन्हा सुरू झाल्याची, नोंद आहे का? नंतरच्या तारखांना ‘कर्नल-पॉवर’ची ४१ क्रमांकाची नोंद आहे का, आणि तिच्या तपशिलात ‘बगचेककोड’समोर (निळ्या पडद्याच्या बिघाडाच्या क्रमांकासमोर) शून्य आहे का? तसेच टास्क मॅनेजरच्या ‘परफॉर्मन्स’मध्ये जीपीयूखाली (ग्राफिक्स कार्डाच्या विभागात) ‘डेडिकेटेड’, म्हणजे कार्डाची स्वतःची, मेमरी किती भरते, तेही जुनी सेटिंग लावून एकदा बघा.

सांजवेळ, डिचोली

माझ्याकडेही पडदा काळा होऊन गेम बंद होत असे. मी सेफ मोडमध्ये जाऊन ‘डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर’ने जुना ड्रायव्हर मुळासकट काढला, नवीन घातला, शेडरचा (चित्र रंगवणाऱ्या छोट्या प्रोग्रामांचा) साठा पुसला आणि रजिस्ट्रीमध्ये (विंडोजच्या अंतर्गत सेटिंगच्या साठ्यात) ‘ग्राफिक्स ड्रायव्हर्स’ या ठिकाणी ‘टीडीआर डिले’ची, म्हणजे कार्डाची वाट पाहण्याच्या वेळेची, किंमत २ ऐवजी १० सेकंद केली. त्यानंतर त्रास थांबला. तुम्हीही करून पाहावे.

म्हादईकाठ, वाळपई

सांजवेळ, ड्रायव्हर स्वच्छ करण्याबद्दल तुमच्याशी पूर्ण सहमत आहे, विशेषतः एका कंपनीचे कार्ड काढून दुसऱ्या कंपनीचे घातले असेल तर ते केलेच पाहिजे. रजिस्ट्रीतल्या बदलाबद्दल मात्र माझे मत वेगळे आहे. ती किंमत वाढवल्याने कार्डाचे अडकणे थांबत नाही, विंडोज फक्त अधिक वेळ वाट पाहते. त्रिमितीय रेंडरिंगसारख्या कामात, जिथे एकेका हिशेबाला मुळातच वेळ लागतो, तिथे तो बदल उपयोगाचा आहे. खेळताना मात्र २ सेकंदांऐवजी १० सेकंद गोठलेला पडदा पाहावा लागेल. तुमचा त्रास बहुधा ड्रायव्हर नव्याने घातल्यामुळे गेला असावा. तुम्ही किंमत पुन्हा २ करून आठवडाभर खेळून पाहिले आणि इथे कळवले, तर पुढे वाचणाऱ्यांनाही उपयोग होईल.

कुळागर, फोंडा

आपण सांगितल्याप्रमाणे सर्व तपासले आणि वाचता वाचता माझीच समजूत बदलत गेली.

पहिल्या आठवड्यात ४१०१ क्रमांकाच्या नऊ नोंदी आहेत. सगळे ‘लो’ केल्याच्या दिवसापासून त्यातली एकही नोंद नाही. त्या दिवसापासून कर्नल-पॉवर ४१ आणि तिच्यासोबत ६००८ (संगणक अनपेक्षितपणे बंद झाल्याची नोंद) अशा जोड्या दिसतात आणि प्रत्येक ठिकाणी बगचेककोड शून्य आहे. जुनी सेटिंग लावून शहरात नेले, तेव्हा डेडिकेटेड मेमरी ४ पैकी ३.९ जीबी भरलेली होती आणि शेअर्ड मेमरी (मुख्य रॅममधून घेतलेली) वाढत चालली होती. ‘लो’वर हाच आकडा २ जीबीच्याही खाली राहतो. फ्रेम मोजल्या, तेव्हा खेळताना १५० ते १७० आणि मेन्यूत चारशेच्या पुढे गेल्या. कार्डाचे तापमान बंद पडण्याआधी ७८ अंश होते.

इन्व्हर्टर वगळून संगणक थेट मेन लाइनवर लावूनही पाहिला. तरीही अकराव्या मिनिटाला तो बंद होऊन पुन्हा सुरू झाला.

शिंपला, मडगाव

मी गेली चौदा वर्षे संगणक दुरुस्तीचे काम करते आणि या विषयावर मला मनापासून लिहावेसे वाटते, कारण चांगली कार्डे निष्कारण बदललेली मी फार पाहिली आहेत.

४१ ही नोंद कारण सांगत नाही. संगणक रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झाला, एवढेच ती सांगते. पण बगचेककोड शून्य म्हणजे निळ्या पडद्याचा बिघाड नोंदवायलाही विंडोजला सवड मिळाली नाही. तापमान ७८ अंश हे अशा कार्डाला चालण्यासारखे आहे, आणि फार तापले तर कार्ड आधी स्वतःचा वेग कमी करते. म्हणून माझा पहिला संशय एसएमपीएसवर आहे. ८ पिनांचे, दीडशे वॅटच्या आसपासचे कार्ड सरासरीने दीडशे वॅट ओढत असले, तरी सेकंदाच्या अगदी लहान अंशात त्याची मागणी त्याहून बरीच वर उसळते. नवा, चांगल्या बनावटीचा एसएमपीएस ही उसळी पोटात घेतो. सहा वर्षे चाललेल्या एसएमपीएसमधील कपॅसिटर (वीज क्षणभर साठवणारे भाग) आपल्याकडच्या उकाड्यात थकलेले असतात. तशा वेळी व्होल्टेज घसरते, किंवा एसएमपीएसचे संरक्षक सर्किट पुरवठा तोडून टाकते. डब्यावर ४५० वॅट छापलेले असते, पण त्यातले किती वॅट १२ व्होल्टच्या लाइनवर मिळतात, ते बाजूच्या लेबलवरील तक्त्यात लिहिलेले असते आणि आपल्याला महत्त्वाचे तेच आहे.

आता चाचणी सांगते. सेटिंग सगळी ‘लो’ च ठेवा, म्हणजे मेमरीचा प्रश्न बाजूला राहील, आणि फक्त फ्रेमची मर्यादा ६० करा. गेममध्ये पर्याय नसेल तर ड्रायव्हरच्या पॅनेलमध्ये असतो. दोन-तीन दिवस संगणक बंद पडला नाही, तर भार आणि वीजपुरवठा हेच कारण, असे बऱ्याच खात्रीने म्हणता येईल. त्यानंतर कोणाकडून तरी चांगला एसएमपीएस दोन दिवसांसाठी मागून आणा आणि मर्यादा काढून खेळा. तेव्हाही बंद पडला नाही, तर शंका उरणार नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे पथ्य कृपया पाळा. तुम्ही पहिल्यांदा सगळे एकदम बदललेत, म्हणूनच मेमरीचा बिघाड बरा झाला हे तुमच्या लक्षात आले नाही, कारण त्याच दिवशी दुसरा सुरू झाला.

इन्व्हर्टर या खेपेला दोषी नाही, हे तुम्ही थेट लाइनवर लावून सिद्ध केले, ते फार बरे केले. तरीही पावसाचे दिवस आहेत म्हणून सांगते. वीज गेल्यावर एसएमपीएस पूर्ण भारावर साधारण १६-१७ मिलिसेकंदच स्वतःच्या साठ्यावर तग धरतो. इन्व्हर्टरच्या मागे ‘यूपीएस’ आणि ‘इको’ किंवा ‘नॉर्मल’ असा खटका असेल तर तो ‘यूपीएस’वर ठेवा. दुसऱ्या स्थितीत बदलाला जास्त वेळ लागतो, पंखे आणि दिवे ते सहन करतात, पण खेळत असताना संगणक बंद पडू शकतो. तेव्हाही इव्हेंट व्ह्यूअरमध्ये हीच ४१ क्रमांकाची नोंद दिसेल, म्हणून वीज गेल्याच्या वेळा कागदावर टिपून ठेवा.

आणखी एक गोष्ट. समुद्राजवळच्या घरांतून माझ्याकडे येणाऱ्या संगणकांत रॅमच्या आणि कार्डाच्या कडेच्या पिना काळवंडलेल्या असतात. फोंड्याला खारा वारा तितका नाही, पण ओल आहेच. संगणकाची वायर काढून कार्ड बाहेर घ्या, मऊ खोडरबराने पिना हलक्या हाताने पुसा, पंख्यांतली धूळ ब्लोअरने उडवा आणि ८ पिनांची केबल आवाज येईपर्यंत घट्ट बसवा. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, त्याला गरगर फिरू देऊ नका.

म्हादईकाठ, वाळपई

शिंपलाताईंनी सांगितलेल्या चाचणीनंतर सेटिंग पुन्हा कशी लावावी, एवढेच मी जोडतो, कारण ‘लो’वर खेळत राहण्याची काही गरज नाही.

फ्रेमची मर्यादा ६० वर राहू द्या आणि टेक्स्चर ‘मीडियम’ करा. शहरात जाऊन डेडिकेटेड मेमरी पाहा. ती ३.४-३.५ जीबीच्या आत राहिली तर एक पायरी वर जायला हरकत नाही, कारण विंडोज आणि ब्राउझर यांनाही त्यातली थोडी जागा लागते. सावल्यांचे गणित टेक्स्चरसारखेच आहे. ४०९६ बाय ४०९६ चा सावलीचा नकाशा ६४ एमबी घेतो, २०४८ चा १६ एमबी, आणि असे अनेक नकाशे एकाच वेळी वापरात असतात. शिवाय सावल्या प्रत्येक फ्रेमला नव्याने काढाव्या लागतात, म्हणून त्या ‘मीडियम’वर ठेवल्याने मेमरी आणि भार दोन्ही हलके होतात. अ‍ॅनिसोट्रॉपिक फिल्टरिंग (तिरक्या कोनातून दिसणारे टेक्स्चर स्पष्ट ठेवणारा पर्याय) मात्र खुशाल ८ किंवा १६ ठेवा. त्याचा खर्च नगण्य असतो आणि रस्ते दूरपर्यंत स्वच्छ दिसतात. अँटी-अलायझिंगमध्ये (दातेरी कडा गुळगुळीत करण्याच्या पर्यायात) ‘एमएसएए’ ही पद्धत असेल तर ते टाळा, चौपट एमएसएए म्हणजे त्या बफरांची मेमरीही चौपट. किती दूरवरचे दिसावे आणि रस्त्यावर गर्दी किती असावी, हे पर्याय बरेचसे प्रोसेसरवर अवलंबून असतात. चित्र अडखळत असताना कार्ड निवांत दिसले, तरच त्यांना हात लावावा. गेममध्ये डायरेक्टएक्स (गेम आणि कार्ड यांना जोडणारी विंडोजची व्यवस्था) ११ आणि १२ असे दोन्ही पर्याय असतील तर ११ वरही एकदा खेळून पाहा, कारण १२ मध्ये मेमरीचे व्यवस्थापन बरेचसे गेमवर सोपवलेले असते आणि कमी मेमरीच्या कार्डावर काही गेमना ते नीट जमत नाही.

विंडोजची पेज फाइल (रॅमला पूरक अशी डिस्कवरची राखीव जागा) कोणी ‘वेग वाढतो’ म्हणून बंद करायला सांगितली असेल, तर ती पुन्हा चालू करा. १६ जीबी रॅम असूनही मोठे गेम राखीव जागा मागतात आणि ती मिळाली नाही तर विनासंदेश बंद पडतात.

पुढे हा धागा वाचणाऱ्यांसाठी एक सूचना. ‘व्हिडिओ मेमरी संपली’ असा संदेश आला म्हणजे ती संपलीच, असे समजू नका. इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांवर, कार्डात भरपूर मेमरी असतानाही, शेडर तयार होताना हाच संदेश येत असे. प्रोसेसरला वाजवीपेक्षा जास्त व्होल्टेज मिळत होते, हे त्याचे कारण निघाले. कंपनीने २०२४ च्या ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये त्यासाठी मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांच्या सुधारित आवृत्त्या) दिले, जे मदरबोर्डाच्या बायोसमधून घालावे लागतात, आणि हमीची मुदतही दोन वर्षांनी वाढवली. अशा प्रोसेसरवर ग्राफिक्सची सेटिंग कितीही बदलली तरी मूळ दोष जात नाही.

कुळागर, फोंडा

अकरा दिवसांनी लिहितो आहे, कारण पुरेसे खेळून झाल्याशिवाय काही सांगू नये असे ठरवले होते.

आधी सगळे ‘लो’ ठेवून केवळ ६० ची मर्यादा घातली. तीन दिवसांत एकदाही संगणक बंद पडला नाही आणि मेन्यूतला तो शिटीसारखा आवाजही गेला. नंतर कुर्टीहून मामेभावाचा एसएमपीएस आणला. तो ५५० वॅटचा आणि गेल्या वर्षीच घेतलेला आहे. तो लावून मर्यादा काढली आणि सलग दोन संध्याकाळी, प्रत्येकी अडीच तास खेळलो, फ्रेम १६० च्या आसपास असूनही काही झाले नाही. माझा जुना एसएमपीएस परत लावून मर्यादा नसताना खेळलो, तर नवव्या मिनिटाला संगणक बंद होऊन सुरू झाला. कार्ड तेच, गेम तोच आणि सेटिंगही तीच होती.

आता टेक्स्चर ‘हाय’, सावल्या ‘मीडियम’, फिल्टरिंग १६, एमएसएए बंद आणि मर्यादा ६० अशी मांडणी आहे. शहराच्या मधोमध मेमरी ३.४ जीबीला थांबते. ४१०१ ची नोंद पुन्हा आलेली नाही. कार्डाच्या पिना पुसल्या तेव्हा खोडरबर काळा झाला होता, आणि इन्व्हर्टरचा खटका ‘इको’वर होता, तो बदलला. परवा संध्याकाळी खेळत असतानाच वीज गेली, पण गेम सुरूच राहिला.

वडिलांना सगळ्या नोंदी दाखवल्या. नव्या कार्डाऐवजी नवीन एसएमपीएस घ्यायचा असे ठरले आहे, आणि त्याची किंमत त्या कार्डाच्या पाव हिश्शाहूनही कमी आहे. शिंपलाताई, घेताना १२ व्होल्टच्या लाइनवर किमान किती अँपिअर असावेत, तेवढे कृपया सांगा.

शिंपला, मडगाव

वाचून फार समाधान वाटले. १२ व्होल्टवर एकूण ३६ अँपिअर किंवा अधिक असलेला, म्हणजे त्या एका लाइनवर ४३२ वॅट देणारा एसएमपीएस तुमच्या कार्डाला आणि प्रोसेसरला पुरेसा होऊन उरेल. ‘अ‍ॅक्टिव्ह पीएफसी’ (वीज नीट ओढण्याचे सर्किट) असलेला आणि १०० ते २४० व्होल्ट घेणारा पाहून घ्या, म्हणजे संध्याकाळी व्होल्टेज उतरले तरी तो सांभाळून घेईल. मामेभावाचा एसएमपीएस परत करताना केबली मात्र नीट ओळखून त्याच्या त्यालाच द्या. मॉड्युलर (केबली सुट्या काढता येणाऱ्या) एसएमपीएसच्या केबली दिसायला सारख्या असल्या तरी पिनांची जोडणी वेगळी असू शकते, आणि चुकीची केबल लावल्यामुळे हार्ड डिस्क जळाल्याची दोन उदाहरणे मी स्वतः पाहिली आहेत.